चढावर न हाफणारी सायकल: मांडवा ते मालवण, आठ दिवस ई-सायकलवर

वेळणेश्वरच्या अलीकडे एका पाखाडीवर माझ्यामुळे एका बाईंच्या डोक्यावरचा लाकडांचा भारा खाली पडला. या सफरीबद्दल आणि या सायकलीबद्दल लिहायचं तर सुरुवात तिथूनच करायला हवी, म्हणून तेच आधी सांगते.

डांबरी रस्ता सोडून आमच्या लीडरने आम्हाला वाडीतून जाणाऱ्या जुन्या वाटेने नेलं होतं. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वर काजूची झाडं, आणि मधे दोन माणसं शेजारून जातील एवढीच रुंदी. चढ चांगलाच होता. बाकीचे उतरून सायकल ढकलत होते आणि मी मदतीच्या पाचांपैकी तिसऱ्या लेव्हलवर मोटर लावून बसल्या बसल्या वर येत होते. बाई पुढे चालल्या होत्या. मी घंटी वाजवली ती फार उशिरा, त्यांच्यापासून दोन हातांवर आल्यावर. त्या दचकून बाजूला झाल्या, तोल सावरला, पण भारा गेला. मी ब्रेक दाबला, पाय थांबवले, तरी मोटर क्षणभर रेटतच राहिली आणि पुढचं चाक गडग्याला घासून थांबलं.

त्यांना लागलं नाही. मी लाकडं गोळा करून भारा उचलायला हात दिला, माफी मागितली. त्या रागावल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाय, चढनीला सायकल हाफत येते. तुजी कायच वाजली नाय."

ई-सायकलींवर मी गेल्या वर्षभरात बरंच वाचलं आणि ऐकलं. सगळी चर्चा ताशी किती वेगाने जाते यावर. त्या बाईंनी सांगितलेली गोष्ट मला कुठेच भेटली नव्हती. वाटेवरचा माणूस मागून येणाऱ्या सायकलीचा अंदाज कानाने घेतो. उतारावरून सायकल जोरात येणार हे त्याला ठाऊक असतं, तिथे तो सावध असतो. चढावर मात्र ती सावकाश, साखळी करकरवत, चालवणाऱ्याच्या श्वासासकट येणार असंच त्याने जन्मभर पाहिलेलं असतं. मोटर लावली की तोच अंदाज चुकतो. चढावर ताशी पंधरा किलोमीटर हा वेग कागदावर काहीच नाही, पण चालणाऱ्याच्या पाठीमागे, आवाजाशिवाय, तो फार असतो.

आता थोडं माझ्याबद्दल. मी ५९ वर्षांची. वीज खात्यात ३२ वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. पुण्यात शाळा-कॉलेज सायकलवरच झालं, पुढे नोकरीची पहिली काही वर्षंही. उजव्या गुडघ्याची गादी झिजली आहे. डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली नाही, उलट चालवा म्हणाले, पण चढावर जोर द्यायचा नाही अशी अट घातली. आता कोकणात जाऊन चढावर जोर द्यायचा नाही म्हणजे काय करायचं? माझी धाकटी जाऊ तिच्या साध्या, बिनमोटरच्या हायब्रिड सायकलवर ही सफर करणार होती आणि मला तिच्याबरोबर जायचंच होतं. आयोजकांकडे तीन ई-सायकली होत्या. सफरीच्या शुल्कावर दिवसाला ९०० रुपये जास्त भरून मी एक घेतली. चौदा जणांत ई-सायकलवर मी एकटीच.

कोकणचा किनारा नकाशावर सपाट दिसतो. रेवस-रेडी सागरी मार्गावर एकदा पाय मारून बघा. गाव खाडीच्या तोंडाशी, समुद्रसपाटीला. गावाबाहेर पडलं की रस्ता सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर चढतो. सड्यावर दोन-चार किलोमीटर वारा खात जायचं, की पुढच्या गावाला सरळ खाली. मग पुन्हा वर. एकच मोठा घाट असता तर माणूस मनाची तयारी करून चढतो. इथे दर सात-आठ किलोमीटरला शे-सव्वाशे मीटरचा चढ येतो, तोही आखूड आणि खडा. रायगड जिल्ह्यात त्रास कमी आहे. मांडव्याहून अलिबाग, रेवदंडा, काशीद करत मुरूडला पोहोचेपर्यंत मला मोटरची फारशी गरजच पडली नाही. बाणकोटची खाडी ओलांडून वेशवीला उतरलं की रत्नागिरी जिल्हा सुरू होतो, आणि तिथून पुढे प्रत्येक गाव घाम काढूनच भेटतं.

सायकलीचा तपशील देते, कारण भाड्याने घेताना तो कुणी धड सांगत नाही. मागच्या चाकात २५० वॅटची हब मोटर. बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास, म्हणजे ३६० वॅट-तास. किल्लीने कुलूप उघडून बाहेर काढता येते. वजन २३ किलो. जावेची हायब्रिड १४ किलोच्या आत होती. यांत्रिक डिस्क ब्रेक, सात गिअर, आणि हँडलवर मदतीच्या पाच लेव्हल. शिवाय उजव्या मुठीला थ्रॉटल, म्हणजे पाय न हलवता हाताने मोटर चालवायची सोय.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र माहितीपत्रकात नव्हती. पायाचा जोर ओळखणारा टॉर्क सेन्सर हिला नव्हता, पॅडल फिरतंय एवढंच ओळखणारा सेन्सर होता. फरक मोठा आहे. टॉर्क सेन्सर असला की तुम्ही जेवढं दाबाल त्या प्रमाणात मोटर साथ देते. दुसऱ्या प्रकारात पॅडल अर्धा फेरा फिरलं की मोटर ठरलेल्या ताकदीने सुरू होते आणि थांबवल्यावर क्षणभराने बंद होते. मोकळ्या रस्त्यावर याचं काही वाटत नाही. अरुंद वाटेवर, फेरीबोटीच्या फळीवर, वळणावर, माणसांमध्ये तो क्षण फार मोठा असतो. वेळणेश्वरला चूक माझीच होती, ती सायकलीवर ढकलत नाही. पण पाखाडीवर अशी सायकल नेऊच नये, हे मला तिथे कळलं.

बॅटरी पुरेल का हा प्रश्न मला घर सोडण्याआधीच पडला होता, त्यामुळे हिशोब करून ठेवला होता. माझं वजन ५९, सायकल २३, सामान ६, एकूण ८८ किलो. एवढं वजन १०० मीटर वर न्यायला साधारण २४ वॅट-तास ऊर्जा लागते. मोटरमध्ये, वायरीत, चाकात जाणारा तोटा धरला आणि सगळं काम मोटरवरच टाकलं तर पस्तीसच्या आसपास. रत्नागिरीतल्या एका दिवसात चढांची बेरीज हजार मीटर झाली, तर नुसत्या चढांनाच बॅटरी संपली. म्हणजे निम्मं काम पायांनीच करायला हवं. मी तसंच केलं. सपाटीला मोटर बंद, मध्यम चढावर पहिली लेव्हल, खड्या चढावर तिसरी. पाचव्या लेव्हलला मी आठ दिवसांत दोनदाच हात लावला. थ्रॉटल पहिल्या दिवशी कुतूहल म्हणून वापरून पाहिला, नंतर नाही. या बेताने रोज संध्याकाळी पाव ते एक तृतीयांश बॅटरी शिल्लक राहत होती. ज्यांना वाटतं की ई-सायकलवाला नुसता बसून फिरतो, त्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा. बसून फिरायचं म्हटलं तर दुपारच्या जेवणापर्यंतच जाता येईल, पुढे २३ किलोची सायकल आणि आपण.

चार्जिंगचं मी थोडं विस्ताराने सांगते, कारण आयोजकांनी याचा विचारच केला नव्हता. दिवेआगर, हरिहरेश्वर, दापोलीजवळचं मुरूड, गुहागर, सगळीकडे आमचा मुक्काम घरगुती होता. दुसऱ्या रात्री मी ओटीवरच्या प्लगला चार्जर लावला तेव्हा घरच्या वहिनी काळजीत पडल्या. त्यांच्याकडे आधी कुणी मोटारगाडी चार्जिंगला लावली होती आणि घरातले दिवे गेले होते. त्यांची भीती रास्त होती. मी त्यांना चार्जर उलटा करून दाखवला. ४२ व्होल्ट, २ अँपिअर, म्हणजे ८४ वॅट. भिंतीतून फार तर शंभर. छताचा जुना पंखा ७५ घेतो. पूर्ण बॅटरी भरायला पाच तास आणि अर्धा युनिटही नाही. चार-पाच रुपयांचं काम. हे ऐकल्यावर त्यांनी स्वतःच स्वयंपाकघरातला चांगला प्लग काढून दिला, कारण ओटीवरच्या प्लगला अर्थिंग नव्हतं. मला ते बघून बरं वाटलं, तो प्लग मीही बदलायलाच सांगणार होते.

खरी अडचण केळशीच्या बाजूला आली. रात्री साडेनऊला लाइट गेली ती पहाटे आली. बॅटरी साठ टक्क्यांवरच अडकली. दुसऱ्या दिवशी मी पहिला तासभर मोटर लावलीच नाही आणि दुपारी जेवायला थांबलो तिथे दीड तास चार्जिंगला लावली. लीडर मुलगा समजूतदार होता, त्याने जेवणाची सुट्टी वीस मिनिटांनी वाढवली. पण चौदा जणांना एकीच्या बॅटरीसाठी थांबवणं मला आवडलं नाही. आयोजकांनी सामानाच्या गाडीत एक जास्तीची बॅटरी ठेवली असती तर हा प्रश्नच आला नसता.

आता सफरीतल्या सोबतीबद्दल. ई-सायकल गटात असावी की नसावी, याचं माझ्यापुरतं उत्तर धोपावेच्या चढावर ठरलं.

दाभोळहून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडली की धोपावेच्या धक्क्यापासून रस्ता सरळ वर जातो. भर दुपार, सावली नाही. बोटीतून उतरल्या उतरल्या मी दुसरी लेव्हल लावली आणि निघाले. दम लागत होता, गुडघा दुखत नव्हता, मन भरून आलं होतं. गेली सहा वर्षं असा चढ मी चढले नव्हते. वर पोहोचले, एका आंब्याखाली थांबले, मागे पाहिलं तर कुणीच नाही. आंब्याला मोहोर आला होता, त्याचा वास होता, खाली खाडी दिसत होती, आणि मी एकटी. पंचवीस मिनिटांनी पहिला सायकलस्वार आला, चाळीस मिनिटांनी जाऊ. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. ती काही बोलली नाही. पण मी तिच्याबरोबर जायचं म्हणून आले होते आणि तो सगळा चढ तिने एकटीने चढला होता. मला ते फार लागलं.

रात्री गुहागरला जेवताना मी लीडरशी बोलले. तो म्हणाला, "काकू, उद्यापासून तुम्ही मागे राहाल का? स्वीपला?" स्वीप म्हणजे गटाच्या शेवटी राहणारा. कुणी मागे पडलं, पंक्चर झालं, चक्कर आली तर त्याच्याजवळ थांबणारा. साध्या सायकलवरच्या माणसाला हे काम जड जातं, कारण थांबून थांबून पुन्हा गट गाठायला दुप्पट ताकद लागते. माझ्याकडे ती ताकद बॅटरीत होती. पाचव्या दिवसापासून पंप, पॅच, जास्तीचं पाणी आणि इलेक्ट्रॉल माझ्या कॅरिअरला बांधलं. हेदवीच्या चढावर मी जावेच्या शेजारून, तिच्याच वेगाने, पहिल्या लेव्हलवर गप्पा मारत गेले. तिचं सामानही मी घेतलं होतं. आरे-वारेच्या चढावर वळणावर थांबून आम्ही दोघींनी दोन्ही बाजूंचे किनारे पाहिले. ती सफर मला आठवते ती इथून पुढची.

म्हणून माझं मत असं: गटाच्या सफरीत ही सायकल हवी, पण तिची जागा शेवटी आहे. जो मागे पडला असता त्याला गटात ठेवण्यासाठी ती आहे. गटाच्या पुढे पळण्यासाठी वापरली तर सफर मोडते. आयोजकांनी हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. सायकल हातात देताना मला चार्जर आणि कुलपाची किल्ली मिळाली, बाकी एक शब्द नाही.

आमच्या गटात एक गृहस्थ होते, पंचेचाळिशीचे, बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या करणारे. बीआरएममध्ये २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे असतात, बाहेरून कुणाची ताकद घ्यायची नाही, सायकल फक्त अंगच्या जोरावर चालली पाहिजे असा नियमच आहे. त्यांनी पहिल्या दिवशी मला सरळ सांगितलं की ही सायकल गटात आणणं त्यांना पटत नाही. चढ हा श्रमाने मिळवायचा असतो, आणि शेजारून कुणी विनासायास वर गेलं की मिळवल्याचा आनंद कमी होतो. मी त्यांचं म्हणणं हलकं घेतलं नाही. बीआरएममध्ये ई-सायकल नसावी हे मला शंभर टक्के मान्य आहे. जिथे श्रमच मोजले जातात तिथे मोटर कशाला? पण मांडवा ते मालवण ही सफर होती. तिथे कुणाची वेळ लिहिली जात नव्हती. सातव्या दिवशी त्यांच्या पोटरीत गोळे आले. मी त्यांना माझी सायकल देऊ केली. त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं आणि पंधरा किलोमीटर सामानाच्या गाडीतून आले. त्यांचं मत बदललं नाही, माझंही नाही, आणि शेवटच्या रात्री मालवणात सोलकढीच्या दुसऱ्या वाटीवर आम्ही पुढच्या मार्गाचे बेत एकत्र केले.

पंक्चरची गोष्ट सांगायलाच हवी. आडिवऱ्याच्या थोडं अलीकडे मागचं चाक बसलं. साध्या सायकलला हे दहा मिनिटांचं काम. हब मोटरचं चाक काढायचं तर आधी मोटरची वायर कनेक्टरला सोडवायची, मग आसाची नटं काढायची, आणि त्यांना अठराचा पाना लागतो. आयोजकांच्या पेटीत पंधरापर्यंतचेच पाने होते. ई-सायकल भाड्याने देणाऱ्याकडे अठराचा पाना नसावा, हे मला अजून समजत नाही. मी आणि मेकॅनिक मुलगा दोघं सव्वा तास उन्हात थांबलो. शेवटी जवळच्या एका मोटरसायकल गॅरेजवाल्याने पाना दिला, चाक बसवायला हातही लावला आणि पैसे घ्यायला तयार नव्हता. बळेच चहाचे दिले. समुद्राच्या हवेने कनेक्टरवर हिरवट थर चढायला लागला होता, तोही तेव्हाच दिसला. पुढे रोज संध्याकाळी मी तो कोरड्या फडक्याने पुसत होते. किनाऱ्यावर ई-सायकल नेणाऱ्यांनी हे करावंच.

ब्रेकबद्दलही एक तक्रार आहे. दाभोळच्या धक्क्याकडे उतरताना ब्रेक किंचाळायला लागले. सायकल नऊ-दहा किलोने जड, उतार खडा, म्हणजे पॅड लवकर झिजणार हे उघड आहे. मेकॅनिकने गुहागरला पॅड बदलले, चांगले बदलले. पण आठ दिवसांच्या सफरीला निघताना ते नवेच हवे होते.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत नियम २(यू) आहे. मोटर २५० वॅटच्या आत, पॅडल थांबवलं की किंवा ताशी २५ किलोमीटर गाठले की मदत बंद, ब्रेक आणि पुढे-मागे परावर्तक, एवढं असेल आणि अधिकृत चाचणी संस्थेने ते तपासून मान्य केलं असेल तर ती सायकल मोटार वाहन धरली जात नाही. नोंदणी नको, परवाना नको. युरोपातही २५० वॅट आणि २५ किलोमीटर हीच रेघ आहे. आपल्याकडे फरक असा की त्याच नियमाच्या आधीच्या भागात २५० वॅटच्या आतली, २५ किलोमीटरच्या आत चालणारी बॅटरीची गाडीही बसते. म्हणून थ्रॉटलने, पाय न हलवता चालणारी सायकलही आपल्याकडे बिनपरवान्याची. रस्त्यावर ठीक आहे. पण टेकडीवरच्या पायवाटेवर काय चालावं याचं उत्तर या नियमात नाही. माथेरानात दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार जात नाही. तिथे ई-रिक्षा चालवायला सर्वोच्च न्यायालयाची परवानगी लागली. म्हणजे एखाद्या वाटेवर मोटर असावी की नसावी हा प्रश्न लोक किती मनाला लावून घेतात ते दिसतं. आणि लावून घ्यावाच.

सफरीला निघण्याआधी हीच सायकल मला पुण्यात दोन दिवस सरावाला दिली होती. एका पहाटे मी ती एआरएआयच्या रस्त्याने वर नेऊन वेताळ टेकडीवर घातली. तिथे पहाटे चालणारे, पळणारे, कुत्री घेऊन येणारे, दुर्बिणी घेऊन पक्षी बघणारे सगळे एकाच वाटेवर असतात. साध्या सायकली तिथे वर्षानुवर्षं येतात आणि सहसा भांडण होत नाही. त्या दिवशी खाणीकडे जाताना एक आजोबा माझ्यामुळे दचकले आणि काठी टेकत कडेला झाले. मी "सॉरी आजोबा" म्हणून पुढे गेले आणि विसरले. वेळणेश्वरच्या त्या बाईंनी बोलून दाखवलं तेव्हा ते आजोबा आठवले. त्यांना मी थांबून विचारायला हवं होतं.

चालणाऱ्यांच्या वाटेवर ई-सायकल यावी का, याचं माझं उत्तर आता असं आहे: मोटर बंद करून यावी. चढ झेपला नाही तर उतरून ढकलावी. या सायकलींना ढकलताना मदत करणारा वॉक मोड असतो, बटण दाबून धरलं की ती ताशी सहा किलोमीटरच्या आत, आपल्या पावलाबरोबर चालते. माझ्यासारख्या गुडघेवाल्या माणसाला तेवढं पुरतं. टेकडीच्या पायथ्यापर्यंत आणि डांबरी चढावर मोटर जरूर वापरावी. पायवाट सुरू झाली की चालणाऱ्याला जो वेग कळतो त्याच वेगात यावं. थ्रॉटलची सायकल तिथे नकोच.

आणि सड्यांचं वेगळं आहे. पावसहून पूर्णगड, गावखडी करत आम्ही कशेळीला आलो, कनकादित्याचं दर्शन घेतलं, आणि लीडर सगळ्यांना कातळशिल्प बघायला सड्यावर घेऊन गेला. जांभ्याच्या सपाट खडकावर कोरलेला भला मोठा हत्ती आहे, त्याच्या पोटात आणखी किती प्राणी. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. रेघा काही ठिकाणी बोटभर खोल, काही ठिकाणी झिजून नजरेलाही सापडत नाहीत. सड्यावर रस्ता आणि खडक यांत फरक दिसत नाही, सायकल कुठेही जाते. साध्या सायकलवर इथपर्यंत दमून आलेला माणूस आपोआप उतरतो आणि पायी जातो. मोटरवाल्याला उतरायचं कारणच पडत नाही. आमच्या लीडरने सगळ्या सायकली रस्त्याच्या कडेला ठेवायला लावल्या, माझी आधी. यासाठी मी त्याचे मनापासून आभार मानते. पैसे भरून आलेल्या पाहुण्याला असं सांगायला धैर्य लागतं.

तर ही सफर घ्यावी का? मार्ग, मुक्काम आणि जेवण यांबद्दल माझी काही तक्रार नाही. हरिहरेश्वरची उकड्या तांदळाची पेज आणि हर्णैला किनाऱ्यावरून आणून तळून दिलेली मांदेली मी विसरणार नाही. लीडर आणि मेकॅनिक या दोन मुलांना पैकीच्या पैकी गुण. ई-सायकलच्या व्यवस्थेला मात्र निम्मेच. मी आयोजकांना पत्र लिहून कळवलं आहे: टॉर्क सेन्सरची सायकल द्या, थ्रॉटल काढून टाका, दोन सायकलींमागे एक जास्तीची बॅटरी गाडीत ठेवा, निघण्याआधी ब्रेक पॅड बदला. पहिल्या संध्याकाळी ई-सायकलवाल्यांना वेगळं बसवून अर्धा तास शिकवा, त्यात पाखाडी आणि पायवाटेवर काय करायचं ते आधी सांगा. त्यांचं उत्तर आलं, सेन्सरचं पुढच्या हंगामात बघू म्हणाले, बाकीचं मान्य केलं. पुढच्या वेळी ते पाळलं की नाही, ते मी इथेच लिहीन.

कारण पुढच्या जानेवारीत मालवणहून वेंगुर्ला, रेडी, तेरेखोल असा उरलेला किनारा आहे. जाऊ येणार आहे, ते बीआरएमवाले गृहस्थही येणार आहेत. अठराचा पाना मी परवाच रविवार पेठेतून आणला. आणि हँडलला एक मोठी पितळी घंटी बसवणार आहे, जुन्या दूधवाल्यांच्या सायकलींना असायची तशी, वळणाच्या अलीकडून ऐकू जाणारी.